भाव वाढतो म्हणून भाव वाढतो

२०१२ सालच्या वसंतात राजस्थानातील जोधपूर, बिकानेर, श्रीगंगानगर या बाजारपेठांत गवारीच्या बियाचा भाव क्विंटलमागे ३० हजार रुपयांच्या घरात पोहोचला होता. दोन वर्षांपूर्वी हेच बी दोन-अडीच हजारांना मिळत असे. त्यापासून निघणाऱ्या ग्वारगमचा, म्हणजे गवारीच्या डिंकाचा, भाव तर क्विंटलला लाखाच्या आसपास गेला. वाळूमिश्रित कोरडवाहू जमिनीत, एक-दोन चांगल्या पावसांवर येणारे हे पीक. कोवळ्या शेंगांची भाजी, डिंक काढून उरलेली चुरी व कोरमा जनावरांना, आणि मुळांवरील गाठींमुळे पुढच्या बाजरीला थोडे नत्र, एवढीच त्याची ओळख होती. हे पीक एकाएकी सोन्याच्या पंक्तीला बसले, तेव्हा बहुतेकांनी त्याचे वर्णन दोनपैकी एका शब्दात केले. काहींना ती ‘सट्टेबाजी’ वाटली, काहींना ‘शेतकऱ्याचे नशीब उघडले’ असे वाटले. दोन्ही वर्णने अपुरी होती.

मुळात मागणी खरी होती. अमेरिकेत शेल खडकांतून तेल व वायू काढण्याचा उद्योग त्या काळात वेगाने वाढत होता. या पद्धतीत जमिनीखाली खोलवर प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडतात आणि त्या पुन्हा मिटू नयेत म्हणून त्यांत वाळूचे कण नेऊन बसवतात. साधे पाणी वाळू वाहून नेत नाही, ती तळाशी बसते. पाण्यात थोडासा ग्वारगम मिसळला की ते दाट होते आणि वाळू तरंगत भेगेपर्यंत पोहोचते. जगातील गवारीपैकी सुमारे चार-पंचमांश भारतात पिकते आणि भारतातील बहुतांश राजस्थानात. एका विहिरीवर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या कंपनीला डिंक दुप्पट महाग झाला तरी काम थांबवणे परवडत नव्हते. पुरवठा मात्र थारच्या पावसावर अवलंबून होता आणि वर्षातून एकदाच येत होता. अशा स्थितीत भाव वाढणे हे बाजार बिघडल्याचे लक्षण नव्हते. बाजाराने आपले काम केले होते.

बाजारातील फुगे बहुधा असेच सुरू होतात. त्यांच्या गाभ्याशी खोटे काही नसते. निव्वळ अफवेवर उभा राहिलेला भाव आठवड्याभरात कोसळतो. जो फुगा दोन-तीन वर्षे टिकतो आणि जाणत्या माणसांनाही ओढून नेतो, त्याच्या तळाशी एखादी खरी टंचाई, खरे तंत्रज्ञान किंवा खरी नवी बाजारपेठ असते. प्रश्न असतो तो त्या सत्याच्या किंमतीचा. अडीच हजारांचे बी सहा हजारांना जाणे समजण्यासारखे असेल, तर ते तीस हजारांना कोणत्या हिशेबाने जाते?

त्याचे उत्तर असे की एका टप्प्यानंतर भाव हीच बातमी होते. व्यापारी डिंकाची मागणी किती, पेरा किती, शिल्लक साठा किती याचा हिशेब मांडत असतो, तोवर भावाला एक लंगर असतो. परंतु हे आकडे कोणाकडेच नेमके नसतात. गवारीच्या साठ्याचा विश्वासार्ह आकडा तर त्या वेळी सरकारकडेही नव्हता. मग भाव वाढताना पाहून प्रत्येक जण असा निष्कर्ष काढतो की घेणाऱ्याला आपल्याला ठाऊक नसलेले काही तरी ठाऊक असावे. तो खरेदी करतो. त्याची खरेदी पाहून तिसरा हाच निष्कर्ष काढतो. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली या व्यवहाराची तुलना वर्तमानपत्रातील सौंदर्यस्पर्धेशी केली होती. तेथे बक्षीस मिळते ते सर्वांत सुंदर चेहरा निवडणाऱ्याला नव्हे, तर बहुसंख्य स्पर्धक कोणता चेहरा निवडतील हे ओळखणाऱ्याला. बाजारातील हुशार माणूसही मालाचे मोल काय याचा विचार सोडून पुढच्या महिन्यात दुसरा त्याला काय देईल याचा विचार करू लागतो. त्यात मूर्खपणा नाही. तोवर तसा विचार करणाऱ्यालाच पैसा मिळत असतो.

अज्ञानामुळेच फुगे होतात असे मानणाऱ्यांना व्हर्नन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अडचणीचा ठरतो. त्यांनी प्रयोगशाळेत एक छोटा बाजार उभा केला. विक्रीस ठेवलेल्या रोख्यावर प्रत्येक फेरीला सरासरी किती लाभांश मिळणार आणि एकूण फेऱ्या किती, हे सर्व सहभागी व्यक्तींना आधीच सांगितले होते. म्हणजे रोख्याचे खरे मोल प्रत्येकाला कागदावर मांडता येत होते. तरीही पुन्हा पुन्हा भाव त्या मोलाच्या कितीतरी वर गेला आणि अखेरच्या फेऱ्यांत कोसळला. तीच माणसे घेऊन प्रयोग दोन-तीनदा केल्यावर फुगा जवळजवळ नाहीसा झाला. पुढे २००२ साली स्मिथ यांना नोबेल मिळाले. प्रयोगशाळेबाहेर मात्र ‘तीच माणसे’ कधी मिळत नाहीत. दर तेजीला नवी मंडळी येतात, आणि मागच्या तेजीत पोळलेले काही जण या वेळी आपण वेळेवर बाहेर पडू अशा खात्रीने परततात.

विश्वासाने फुगा सुरू होतो, पण तो मोठा होतो उसन्या पैशाने. वायदेबाजारातील सौद्याचे साधे उदाहरण घ्यावे. एक सौदा १० टनांचा, भाव क्विंटलला ५ हजार. म्हणजे मालाची किंमत ५ लाख रुपये. व्यापाऱ्याला अनामत भरावी लागते समजा १० टक्के, म्हणजे ५० हजार. भाव साडेपाच हजार झाला की ५० हजारांचा नफा रोजच्या हिशेबात त्याच्या खात्यावर जमा होतो. त्यात थोडी भर घालून तो दुसरा सौदा घेतो. एकही पोते गोदामातून न हलता त्याची खरेदी दुप्पट झाली, आणि ती वाढीव खरेदीच पुढच्या भाववाढीचे कारण झाली. उलट दिशेनेही हेच चक्र फिरते. भाव दहा टक्के उतरला की अनामत संपते. नवी रक्कम भरता आली नाही तर दलाल सौदा बाजारात विकून मोकळा होतो, त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि शेजाऱ्याची अनामत संपते. वर जाताना जिन्याने आणि खाली येताना विहिरीत, अशी फुग्याची चाल असते, ती याच कारणाने.

या यंत्रणेचा सर्वांत विचित्र बळी म्हणजे सावधपणे वागणारा माणूस. डिंकाचा कारखानदार किंवा साठेदार आपल्या गोदामातील मालाचा भाव निश्चित करण्यासाठी वायद्यात विक्री करून ठेवतो. हा सट्टा नव्हे, विमा आहे, आणि वायदेबाजाराचे मूळ प्रयोजनच ते. पण भाव रोज चढू लागला की त्याला वायद्यातील तोट्याची रक्कम रोज रोखीने भरावी लागते. गोदामातला माल तेवढाच महाग झालेला असतो हे खरे, पण तो नफा पोत्यांत अडकलेला असतो. पोत्यांनी अनामत भरता येत नाही. बँक आणखी कर्ज देईनाशी झाली की तो नाइलाजाने आपलाच विकलेला वायदा चढ्या भावाने परत विकत घेतो. तेजीच्या शेवटच्या टप्प्यातील खरेदीदारांत असे अडकलेले विक्रेते पुष्कळ असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती मागणीच वाटते. भाव अवास्तव आहे हे ज्यांना सर्वांत आधी कळते, त्यांनाच बाजार सर्वांत आधी बाहेर फेकतो. म्हणूनच ‘जाणकार लोक भाव ताळ्यावर आणतील’ हा पाठ्यपुस्तकातील दिलासा प्रत्यक्षात फारसा कामाला येत नाही.

वायदे बाजार आयोगाने प्रथम ज्यादा अनामत लावून पाहिली आणि अखेर मार्च २०१२ मध्ये गवारीचे वायदे थांबवले. ते पुन्हा सुरू झाले मे २०१३ मध्ये. वायदे बंद झाल्यावर भाव लगेच कोसळले, असा समज अनेकांचा आहे. निर्यातीचे आकडे वेगळे सांगतात. २०११-१२ मध्ये सुमारे ७ लाख टन ग्वारगम निर्यात झाला आणि त्याचे साडेसोळा हजार कोटी रुपये आले. २०१२-१३ मध्ये निर्यात ४ लाख टनांवर घसरली, पण रक्कम २१ हजार कोटींच्या वर गेली. म्हणजे परदेशी ग्राहक जवळपास निम्मा माल घेऊन अधिक पैसे मोजत होता. त्या वर्षी या आकड्यांचा मोठा अभिमान बाळगला गेला. त्यांत धोक्याची घंटा होती. प्रमाण इतके घटते तेव्हा ग्राहक पर्याय शोधू लागलेला असतो.

तसेच झाले. हॅलिबर्टनसारख्या तेलक्षेत्रातील मोठ्या कंपन्यांनी २०१२ मध्येच डिंकाच्या किंमतीने नफा खाल्ल्याची कबुली दिली आणि गवारीविना चालणारी द्रवमिश्रणे बाजारात आणली. अनेक विहिरींवर कृत्रिम बहुवारिके वापरण्याची पद्धत रूढ झाली. पुढे २०१४ च्या मध्यानंतर खनिज तेलच कोसळले. पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या आरंभी तीस डॉलरच्या खाली गेला. विहिरी थांबल्या. २०१५-१६ ची ग्वारगम निर्यात सव्वातीन हजार कोटींच्या आसपास होती आणि गवारीचे बी पुन्हा तीन-साडेतीन हजारांवर आले होते.

या चढउतारात शेतकरी कोठे होता, हे नीट पाहिले पाहिजे. गवारीची काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. २०११ चा हंगाम ज्यांनी काढणीबरोबर विकला, त्यांच्या हाती नेहमीपेक्षा बरा भाव आला, पण शिखर आले ते चार-पाच महिन्यांनी. कर्ज फेडायचे आहे, घरात लग्न आहे, कोठार नाही, अशा शेतकऱ्याचा माल तोवर दुसऱ्याच्या गोदामात गेलेला होता. गवारीचे बी वर्षानुवर्षे टिकते. ज्यांच्याकडे जुनी पोती पडून होती त्यांचे मात्र खरोखर भले झाले. त्यांच्या हकिकती गावोगाव पसरल्या, आणि २०१२ च्या खरिपात पेरा वाढला तो त्या ऐकून. महागडे बी, वाढीव खंडाने घेतलेली जमीन, आणि शिखराचा भाव डोळ्यांसमोर. आंध्र प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडूपर्यंत गवार पोहोचली. जेथे गवारीची गिरणी नाही, अडत्याने ते बी कधी हाताळलेले नाही, तेथेही.

निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये या प्रकाराला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली होती: आजच्या भावावर पेरा ठरतो, त्या पेऱ्याचा माल उद्याच्या बाजारात येतो आणि उद्याचा भाव पाडतो. शेअर विकणाऱ्याला चूक कळली तर तो मिनिटात बाहेर पडतो. शेतकऱ्याला पीक उपटून बाहेर पडावे लागते. पीक बहुवर्षीय असेल तर ही दरी आणखी रुंद होते. व्हॅनिलाची गोष्ट त्याची साक्ष आहे. एप्रिल २००० मध्ये मादागास्करला चक्रीवादळाने झोडपले, पुढे २००२ मध्ये तेथे राजकीय पेच उद्भवला आणि जगातील सर्वांत मोठा पुरवठादार अडखळला. केरळ व कर्नाटकात २००३-०४ च्या सुमारास ओल्या शेंगांचा भाव किलोला तीन हजारांच्या वर गेला. मळ्यांवर रात्री पहारे बसले. सुपारी आणि कॉफीच्या बागांत व्हॅनिलाचे वेल चढले. वेलाला फुले येतात तिसऱ्या वर्षी, प्रत्येक फुलाचे परागीभवन हाताने करावे लागते, आणि शेंगा हाती येईपर्यंत मादागास्कर सावरले होते, अन्नप्रक्रिया उद्योग कृत्रिम व्हॅनिलिनकडे वळले होते. भाव शंभर रुपयांच्या खाली आला. त्या तेजीत ज्यांनी पैसा कमावला त्यांतील बऱ्याच जणांनी तो शेंगांवर नव्हे, नव्या लागवडदारांना वेलाचे तुकडे विकून कमावला होता. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. पिकापेक्षा बेण्याचा धंदा अधिक किफायतशीर असेल, तर पैसा ग्राहकाकडून येत नसून मागाहून येणाऱ्या शेतकऱ्याकडून येत असतो.

तमिळनाडूतील ईरोड जिल्ह्यात पेरुंदुराईच्या आसपास फोफावलेला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये कोसळलेला ईमूपालनाचा व्यवहार याच टोकाचा होता. ठेव घ्यायची, पिले द्यायची, दरमहा ठरावीक रक्कम द्यायची. मांसाला वा तेलाला ग्राहक आहे की नाही हे कोणी विचारायचे नाही. तेथे कायद्याने फसवणूक सिद्ध झाली. गवार आणि व्हॅनिला यांत फसवणूक करणारा एक कोणी दाखवता येत नाही, म्हणून त्यांच्यापासून सावध राहणे अधिक अवघड.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत आलेला पैसा बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवण्याच्या योजनांत शिरला. बॅकबे कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांपर्यंत गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. १ जुलैला मुदतीच्या सौद्यांची फेड करण्याचा दिवस आला आणि फेडण्यास कोणाकडे काही नव्हते. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. मुंबईच्या इतिहासात या प्रसंगाची आठवण प्रेमचंद रायचंद यांच्या नावाने निघते. तेजीच्या वर्षांत गावोगावच्या शेतकऱ्याला मिळालेल्या सढळ कर्जाची आठवण मात्र कमी निघते. भाव पडल्यावर सावकारांनी हात आखडता घेतला. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी कर्जखते जाळली. दख्खनच्या दंग्यांच्या कारणांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, पण उधारीचा हा फुगून ओसरलेला लोंढा त्यांतून वगळता येत नाही.

एवढे पाहिल्यावर वायदेबाजारच बंद करावा, असे अनेकांना वाटते. सरकारलाही वेळोवेळी वाटत आले आहे. २००७ मध्ये तूर, उडीद, गहू, तांदूळ यांचे वायदे थांबवले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, मोहरी, हरभरा, मूग यांसह सात शेतमालांचे थांबवले गेले आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. वायद्यांमुळे महागाई वाढली का, हे तपासण्यासाठी नेमलेल्या अभिजित सेन समितीला २००८ मध्ये त्याचा निर्णायक पुरावा मिळाला नव्हता. व्हॅनिला आणि ईमू यांना तर वायदेबाजार नव्हताच. बंदीने एक गोष्ट निश्चित होते: पुढच्या तीन महिन्यांचा भाव काय राहील याचा जो एक उघड, सर्वांना दिसणारा अंदाज असतो, तो नाहीसा होतो. मोठ्या व्यापाऱ्याकडे स्वतःचे अंदाज असतात, आणि शेतकऱ्याकडे फक्त तो फलक असतो. साठ्याचे आकडे दर आठवड्याला जाहीर करणे, एकाच गटाने अनेक नावांनी सौदे घेण्यावर करडी नजर ठेवणे, काढणीच्या वेळी तारण कर्ज गावाजवळच्या गोदामात सहज मिळणे, हे कंटाळवाणे उपाय बंदीपेक्षा अधिक उपयोगी आहेत. कंटाळवाणे आहेत म्हणूनच बहुधा त्यांना विलंब लागतो.

कृषी संशोधन व विस्तार संस्थांचा प्रश्न याहून नाजूक आहे. फुगा तयार करण्यात त्यांचाही एक वाटा असतो, आणि तो चांगल्या हेतूने उचललेला असतो. नव्या पिकाच्या शिफारशीत लाभ-खर्च गुणोत्तर दिले जाते. ते काढताना उत्पादन घेतात प्रात्यक्षिक प्लॉटवरचे आणि भाव घेतात चालू वर्षाचा. चालू वर्षाचा भाव चढा असतो, कारण तो चढा आहे म्हणूनच त्या पिकाची चर्चा सुरू झालेली असते. पहिल्या लागवडदाराची यशोगाथा छापली जाते तेव्हा त्याच्या उत्पन्नातील किती भाग रोपे विकून आला, हे बहुधा विचारले जात नाही. सफेद मुसळीच्या काळात हे घडले, आणि २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने शिफारस केल्यानंतर जट्रोफाच्या बाबतीत देशभर घडले. जट्रोफाच्या तेलाला बाजारभाव नावाची गोष्ट स्थिर होण्याआधीच रोपवाटिकांना तो मिळाला होता. बियाचे अपेक्षित उत्पादन सुधारित वाणांवर आधारलेले नव्हते. तसे वाण अस्तित्वातच नव्हते.

यावर असा आक्षेप घेता येईल की इतकी सावधगिरी बाळगली तर पीकबदल कधी होणारच नाही. द्राक्ष आणि डाळिंबही एकेकाळी नवीनच होते. आक्षेप रास्त आहे. पण सावधगिरी म्हणजे नकार नव्हे. गेल्या दहा वर्षांतील सर्वांत पडलेल्या भावाला हे पीक परवडते का, हा एक हिशेब शिफारशीत चालू भावाच्या शेजारी छापला तरी शेतकऱ्याच्या हाती पुष्कळ येते. माल घेणारे किती आहेत, त्यांना पर्याय काय आहे, आणि तो पर्याय कोणत्या भावाला स्वस्त पडू लागतो, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्रज्ञाची गरज पडते. बहुतेक संस्थांत तो आहे, फक्त वाण प्रसारणाच्या बैठकीला त्याला बोलावले जात नाही.

गवारीच्या पडत्या काळात दक्षिणेकडील नवे क्षेत्र फार लवकर आटले. तेथील शेतकऱ्याने ज्या भावासाठी पेरा केला होता, तो भाव गेल्यावर पिकाचे दुसरे काही कारण उरले नाही. बाडमेर आणि चुरूकडचा शेतकरी मात्र बाजरी आणि मटकीच्या जोडीने गवार पेरत राहिला. हिस्सार आणि दुर्गापुरा येथील केंद्रांनी दिलेले लवकर येणारे वाण त्याच्या तोकड्या पावसात बसत होते, खर्च थोडा होता, आणि भाव तीन हजार असला तरी शेळ्यांना पाला मिळत होता.